नेट गेलं? आधी घरातच शोधा

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर राहणाऱ्या कुटुंबाला ‘लाइट गेली’ यापेक्षा ‘नेट गेलं’ हे शब्द जास्त घाबरवतात. लाइट गेली तर सोसायटीचे जनरेटर असते. नेट गेले तर गाडी काढून ऑफिस गाठावे लागते, आणि त्यासाठी त्याच रस्त्यावर उतरावे लागते, जो टाळण्यासाठी माणूस घरून काम करत होता!

कोरमंगलाच्या बाजूने येऊन इब्लूर जंक्शनपाशी आउटर रिंग रोड ओलांडणारा आणि पुढे आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा हा रस्ता. त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारती, बंगल्यांच्या वसाहती, शाळा आणि संगणक कंपन्या आहेत. विप्रोचे मुख्यालय येथेच, दोड्डकन्नेलीला आहे. ही कंपनी मुळात खानदेशातली. १९४५ मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून तिची सुरुवात झाली. आज तिच्या आवारासमोर वाहनांची इतकी दाटी होते की, सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी पत्र लिहून विप्रोच्या आवारातून काही वाहने जाऊ देण्याची विनंती केली. कंपनीने कायदेशीर अडचणी सांगून नकार दिला. गाड्या आहेत तिथेच राहिल्या.

सप्टेंबर २०२२ च्या पावसात तर याच रस्त्यावरील रेनबो ड्राइव्हसारख्या वसाहतींत पाणी शिरले आणि रहिवाशांना ट्रॅक्टरवर बसवून बाहेर काढावे लागले. परिसरातील अनेक कंपन्यांनी तेव्हा कर्मचाऱ्यांना घरून काम करण्यास सांगितले. अशा ठिकाणी घरातील वायफाय ही काही चैनीची वस्तू नाही. एकाचा पगार, दुसऱ्याची परीक्षा, तिसऱ्याची नोकरीची मुलाखत त्यावर अवलंबून असते.

आणि नेमकी मुलाखतीच्या दिवशी पडद्यावर ती चकती गोलगोल फिरू लागते. घरातील सगळ्यांचे मोबाईल चालू असतात, वडिलांचा लॅपटॉप चालू असतो, फक्त टेबलावरचा डेस्कटॉप रुसून बसतो. मग कंपनीला फोन, कंपनीशी वाद, आणि शेवटी वैतागून दोन-चार हजारांचा नवा राउटर. तो लावूनही डेस्कटॉप तसाच! कारण बिघाड कंपनीत नव्हता आणि राउटरमध्येही नव्हता.

दुखणे नेमके कोठे?

डॉक्टर आधी ‘कुठे दुखते?’ असे विचारतात. येथेही तेच करावे. घरात येणाऱ्या नेटचे तीन टप्पे असतात. पहिला टप्पा म्हणजे कंपनीपासून घरापर्यंत आलेली काचेच्या धाग्याची बारीक वायर, म्हणजे फायबर, आणि ती जिथे संपते ती पेटी. दुसरा टप्पा राउटर. हल्ली पुष्कळ घरांत पेटी आणि राउटर एकाच डबीत असतात. तिसरा टप्पा राउटरपासून संगणकापर्यंतचा, हवेतला. ‘वायफाय’ म्हणजे फक्त हा तिसरा टप्पा. वायफाय उत्तम आणि नेट मुळीच नाही, असे होऊ शकते. नेट उत्तम आणि वायफाय मेलेले, असेही होऊ शकते.

प्रथम पेटीवरचे दिवे पाहावेत. ‘एल ओ एस’ असे लिहिलेला दिवा लाल होऊन लुकलुकत असेल, तर फायबरमधून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. बंगळुरूत या वायरी खांबांवरून आणि झाडांवरून लोंबत आलेल्या असतात. फांदी पडली, कुठे खोदकाम झाले की त्या तुटतात. मात्र कंपनीला फोन करण्याआधी घरातल्या वायरीवर एक नजर टाकावी. सोफ्याचा पाय तिच्यावर आला असेल किंवा केर काढताना ती कोपऱ्यात काटकोनात मुडपली असेल, तरीही हाच दिवा लागतो. तारेसारखी ही वायर वाकवायची नसते. तिचे टोक काढून डोळ्यासमोर धरून पाहायचे, हे तर अजिबात करू नये.

लाल दिवा नसेल तर मोबाईल घेऊन थेट डेस्कटॉपच्या शेजारी उभे राहावे. मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करावा, नाहीतर तो गुपचूप त्यावर चालतो आणि आपली फसगत होते. वायफायवर त्याच जागी मोबाईल नीट चालत असेल, तर कंपनी निर्दोष, राउटरही बहुधा निर्दोष, दोष डेस्कटॉपकडे. मोबाईलही तिथे अडखळत असेल, पण राउटरजवळ नेल्यावर पळत असेल, तर अडचण मधल्या भिंतींची आहे. राउटरजवळही चालत नसेल, तर मग खुशाल कंपनीला फोन करावा.

पाच मिनिटांच्या या फेरीने निम्मे काम होते. गंमत अशी की, बहुतेक घरांत ती सोडून बाकी सर्व काही केले जाते.

‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याला लोक हसतात, पण तो खोटा नाही. फक्त क्रम पाळावा. पेटी आणि राउटर दोन्ही बंद करून अर्धा मिनिट थांबावे. आधी पेटी चालू करावी, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि शेवटी संगणक. राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात पिन घालून दाबायचा मोह मात्र आवरावा. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, कंपनीने भरून दिलेले नाव आणि पासवर्ड पुसले जातात, आणि मग तिचा माणूस येईपर्यंत घर खरोखरच बिननेटचे होते.

सीपीयूच्या पाठीमागे

लॅपटॉप आणि मोबाईल यांना वायफाय जन्मतःच मिळालेले असते. डेस्कटॉपचे तसे नाही. अनेक डेस्कटॉपमध्ये ते मुळात नसतेच. दुकानदार मागच्या यूएसबी खाचेत नखाएवढी एक डबी खुपसून देतो किंवा आत एक कार्ड बसवतो. दोन्हींचे तोंड मागच्या बाजूला. आता आपण सीपीयू म्हणतो ती पेटी पत्र्याची. ती ठेवलेली टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. म्हणजे राउटरकडून येणाऱ्या लहरींना आधी टेबल, मग पत्रा ओलांडायचा, आणि मागे भिंतीच्या फटीत दडलेली ती नखाएवढी डबी शोधायची. मोबाईल त्याच टेबलावर पडून मजेत चालतो, याचे नवल ते काय?

कार्ड असेल तर मागे दोन पितळी पेच दिसतात. त्यांवर छोट्या काड्या, म्हणजे अँटेना, बसवायच्या असतात. त्या मदरबोर्डच्या खोक्यात वेगळ्या पिशवीत येतात आणि कित्येक घरांत त्या खोक्यातच राहतात! अँटेनाशिवाय कार्ड अगदी जवळचे नेटवर्क कसेबसे पकडते, म्हणून ‘कधी लागते, कधी जाते’ असा प्रकार होतो. खोके रद्दीत दिले असेल तर अँटेना वेगळ्याही विकत मिळतात.

यूएसबी डबीची आणखी एक खोड आहे. निळ्या रंगाच्या यूएसबी ३.० खाचा आणि त्यांना लावलेली हार्ड डिस्क काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास विद्युत गोंगाट करतात. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये याविषयी सविस्तर माहितीपत्रकच काढले होते. वायफायचा जुना पट्टा नेमका तोच. उपाय स्वस्त आहे: यूएसबीची मीटरभर एक्स्टेंशन वायर आणावी आणि डबी मागच्या अंधारातून काढून टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला ठेवावी. नवा राउटर घेण्याआधी हा प्रयोग अवश्य करावा.

पडद्यावरची दुखणी

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वायफायच्या पंख्याऐवजी पृथ्वीचा गोल दिसत असेल, तर संगणक कोणत्याच नेटवर्कला जोडलेला नाही. कीबोर्डवर चुकून दाबल्या गेलेल्या बटणाने ‘एअरप्लेन मोड’ लागलेला असतो, हे कारण वाटते त्यापेक्षा अधिक वेळा निघते; घरात लहान मूल असेल तर सर्वांत आधी तेच पाहावे. जोडलेला आहे पण नेट नाही, असे असेल तर ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाकून जोडावे. राउटरचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर डेस्कटॉप जुनाच पासवर्ड घोळवत बसलेला असतो.

दहा-पंधरा मिनिटे काम थांबले की नेट जाते, माउस हलवला तरी परतत नाही, अशी तक्रार असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय अ‍ॅडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर जावे. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी तिथे विंडोजला दिलेली असते. ती खूण काढून टाकावी. टेबलावरच्या संगणकाला इतकी काटकसर नको.

आणखी एक चाचणी थोडी किचकट वाटते, पण फार उपयोगी आहे. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘सीएमडी’ लिहिले की काळी चौकट उघडते. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिली की काही आकडे येतात. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. बिचाऱ्याने स्वतःच एक घेतला आहे. घरच्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. ‘गेटवे’समोरचा आकडा राउटरचा. ‘पिंग’ लिहून पुढे तो आकडा द्यावा. उत्तर दरवेळी दहा मिलिसेकंदांच्या आत येत असेल तर घरातली हवा स्वच्छ आहे. आकडा मध्येच शेकड्यांत उडी मारत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर कंपनीला दोष देऊ नये. बिघाड घरातच आहे.

विंडोज नव्याने टाकल्यावर वायफाय नाहीसे होते, कारण त्या डबीचा ड्रायव्हर उडालेला असतो. ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटला ड्रायव्हर हवा! अशा वेळी अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या वायरीने डेस्कटॉपला जोडावा आणि मोबाईलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. बहुतेक मोबाईल आपल्याकडचे वायफायसुद्धा या वायरीतून संगणकाला देतात, म्हणजे डेटाही खर्च होत नाही. मुलाखत दहा मिनिटांवर आली असताना हाच उपाय लाज राखतो.

जुन्या डेस्कटॉपचे एक दुखणे तर नेटचे नसूनही नेटचेच वाटते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी ‘सीआर २०३२’ नावाची बॅटरी असते. ती संपली की संगणक बंद होताच घड्याळ काही वर्षे मागे जाते. तारीख चुकीची झाली की बँकेच्या, मेलच्या सुरक्षित साइट उघडायला नकार देतात आणि घरात ‘नेट गेलं’ असा ओरडा होतो. कोपऱ्यातली तारीख पाहिली की उलगडा होतो. बॅटरी किराणा दुकानातही मिळते.

भिंती, आरसे आणि शेजारी

१८९०च्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. भिंत लहरींना थांबवत नाही, हे खरे; पण दमवते मात्र नक्की. विटांची भिंत थोडे दमवते, लोखंडी सळ्यांची काँक्रीटची भिंत पुष्कळ. स्टीलचे कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी, फ्रीज या वस्तू तर लहरींना परतवतात किंवा गिळून टाकतात. नव्या इमारतींत फायबर मुख्य दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत येते आणि वायरींचा पसारा दिसू नये म्हणून राउटरही त्याच पेटीत कोंबून दार लावले जाते. घर छान दिसते, शेवटच्या बेडरूममध्ये मात्र रेंज नसते. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर हवा. त्याने दिवाणखान्याच्या शोभेला उणेपणा आला तरी चालेल.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ती भिंतींतून बऱ्यापैकी जाते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण दोन भिंतींतच दम जातो. डेस्कटॉप राउटरच्या खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर ५, दूर असेल तर २.४, असा ढोबळ नियम धरावा. मोबाईलला दिसणारे नेटवर्क डेस्कटॉपला दिसतच नसेल, तर त्याची डबी बहुधा फक्त २.४ वाली आहे.

२००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ चा पट्टा विनापरवाना खुला केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचाही मोठा भाग मोकळा केला. म्हणून तर कोणालाही दुकानातून राउटर आणून लावता येतो. पण खुल्या मैदानात सगळेच खेळायला येतात. एका मजल्यावर चार-सहा घरे, वर-खाली तितकीच, आणि २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. रात्री आठ वाजता, जेवण गरम होत असताना, नेट अडखळते असे कोणी म्हटले तर हसू नये. राउटरच्या पानावर जाऊन या तिघांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडावा.

जनरेटर येतो, पण…

लाइट गेल्यावर जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. डेस्कटॉपला यूपीएस असतो, तो चालू राहतो. राउटर आणि फायबरची पेटी मात्र बंद पडून पुन्हा उठतात आणि त्यात काही मिनिटे जातात. चालू मीटिंग तेवढ्यात संपलेली असते. राउटरसाठी छोटा यूपीएस वेगळा मिळतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहून त्याच जोडीचा घ्यावा, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. पेटी वेगळी असेल तर दोन्हींची सोय हवी. एकीला वीज आणि दुसरी अंधारात, याचा काही उपयोग नाही.

वायरीला लाजू नये

मोबाईल घरभर फिरतो, म्हणून त्याला वायफाय हवे. डेस्कटॉप वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसलेला असतो. त्याला हवेतून नेट देण्याचा अट्टहास कशासाठी? राउटरपासून डेस्कटॉपपर्यंत एक ‘कॅट ६’ वायर टाकली की भिंती, आरसे, शेजारी, ओव्हन, ड्रायव्हरची कटकट, सगळे एकदम निकालात निघते. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. घरात पंधरा-वीस मीटर पुरे. पुष्कळ फ्लॅटमध्ये बिल्डरने टेलिफोनसाठी भिंतीत नळी टाकून ठेवलेली असते, इलेक्ट्रिशियन तिच्यातूनच वायर ओढून देतो. भाड्याचे घर असेल तर स्कर्टिंगच्या कडेने पट्टीखाली नेता येते. नोकरी किंवा परीक्षा ज्या संगणकावर अवलंबून आहे, त्याला तरी वायर हवीच. वायरीने जोडूनही नेट रडत असेल, तर दोष कंपनीचा किंवा राउटरचा, हेही त्याच वेळी सिद्ध होते.

पासवर्डचा आळस

नेट अचानक मंद झाले आणि वरील काहीच लागू पडत नसेल, तर राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी. घरात सहा उपकरणे आणि यादीत अकरा, असेही आढळते. शेजारच्या मुलाला एकदा पासवर्ड दिला आणि तो मजलाभर झाला. हा प्रश्न फक्त वेगाचा नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे धमकीचा मेल आला, तो नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वायफायवरून पाठवलेला निघाला आणि त्या घरातील माणसाला तपासाला सामोरे जावे लागले. मेल त्याने लिहिलेलाच नव्हता. आपल्या नेटवरून जे जाते त्याचा पहिला पत्ता आपल्याच घराचा असतो. ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘३’ निवडून लांब पासवर्ड ठेवावा आणि तो वर्षातून एकदा बदलावा. जुनी यूएसबी डबी ‘३’ ला जुमानत नसेल तर दोन्हींचा मिश्र पर्याय घ्यावा.

कंपनीचा माणूस येणार असेल तेव्हा

सगळे करूनही दोष कंपनीकडेच निघाला, तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. हा क्रमांक देणे कंपनीला बंधनकारक आहे, आणि तक्रार नीट सुटली नाही तर त्याच आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. वेगाविषयी बोलताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १०० मेगाबिटचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना पडद्यावर ‘१२’ दिसले म्हणून फसवणूक झाली असे नाही. वेग मोजायचा तो वायरीने जोडून. हवेतला आकडा दाखवला की कंपनीचा माणूस भिंतीकडे बोट दाखवतो, आणि त्याचे म्हणणे चूकही नसते.

तो आला की मोबाईलवर वेग दाखवून निघायच्या तयारीत असतो. त्याला थांबवावे, मागच्या खोलीत न्यावे, डेस्कटॉप सुरू करावा आणि त्याच्या समोर पाच मिनिटे व्हिडिओ कॉल चालवून पाहावा. मगच आपल्या मोबाईलवर आलेला ओटीपी सांगावा.